संशयाचा घाट

१४ जुलै २०२४. फ्रान्सचा राष्ट्रीय दिन, त्यात रविवार. पिरनीज पर्वतातल्या 'प्लातो द बेय' या घाटात सकाळपासून माणसांची रीघ लागली होती. टूर द फ्रान्स या जगप्रसिद्ध सायकल शर्यतीचा त्या दिवशीचा टप्पा या घाटमाथ्यावर संपणार होता. शेवटची चढण सुमारे सोळा किलोमीटरची, आणि त्याआधी दीडशेहून अधिक किलोमीटर डोंगररस्त्यातून सायकल मारून आलेले खेळाडू. या चढणीवर स्लोव्हेनियाचा ताडेय पोगाचार सर्वांना मागे टाकून एकटा वर पोचला. याच चढणीवर १९९८ साली इटलीच्या मार्को पांतानीने नोंदवलेली वेळ इतकी वर्षं अबाधित होती. पोगाचारने ती सुमारे साडेतीन मिनिटांनी मोडली. दुसरा आलेला डेन्मार्कचा योनास व्हिंगेगार्ड, त्यानेही पांतानीला मागे टाकलं.

एरवी अशा पराक्रमानंतर काय व्हावं? टाळ्या व्हाव्यात, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत रकाने भरून यावेत. तसं झालंच. पण टाळ्यांच्या आवाजातच एक कुजबुज सुरू झाली. हे कसं शक्य आहे? पोगाचार आजवर एकाही उत्तेजक चाचणीत दोषी आढळलेला नाही. त्याच्यावर कोणताही खटला नाही, कुणाची साक्ष नाही, कुठला पुरावा नाही. तरी प्रश्न आला. आणि तो त्याच्यापेक्षाही त्याने मोडलेल्या विक्रमामुळे आला, कारण ज्या पांतानीचा तो विक्रम होता त्याचे १९९८ चे नमुने पुढे पुन्हा तपासले गेले, तेव्हा त्यांत बंदी असलेलं औषध सापडलं होतं. औषध घेऊन केलेला विक्रम औषधाशिवाय मोडता येतो का, असा हा साधा, सरळ आणि तितकाच बोचरा सवाल.

श्रोतेहो, दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, असं आपण म्हणतो. सायकल शर्यतीच्या प्रेक्षकाचं नेमकं तेच झालं आहे. पण हे दूध कधी तापलं, कुणी तापवलं आणि तोंडं कुणाकुणाची पोळली, हा इतिहास पाहिला की ध्यानात येतं, की या खेळात केवळ पदकं आणि जर्सीच चोरीला गेल्या नाहीत. आणखीही एक गोष्ट चोरीला गेली. तिच्याविषयीच मला आज बोलायचं आहे.

टूर द फ्रान्सचा जन्म १९०३ चा. 'लोटो' नावाच्या क्रीडा दैनिकाचा खप वाढावा म्हणून त्याचे संपादक आंरी देग्रांज यांनी ही शर्यत सुरू केली. दुसऱ्याच वर्षी, १९०४ मध्ये, लबाडीच्या इतक्या तक्रारी आल्या की पहिले चारही विजेते बाद ठरवावे लागले आणि पाचव्या आलेल्या वीस वर्षांच्या आंरी कोर्नेला विजयी घोषित करावं लागलं. म्हणजे संशय हा या शर्यतीचा जवळजवळ जुळा भाऊच.

मात्र औषधांबाबत त्या काळी फारशी लपवाछपवी नव्हती. १९२४ च्या शर्यतीत आंरी पेलिसिए, त्याचा भाऊ फ्रान्सिस आणि त्यांचा एक सोबती नियमांच्या जाचाला कंटाळून मध्येच बाहेर पडले. कूतांस गावातल्या एका कॅफेत पत्रकार अल्बेर लोंद्र यांनी त्यांना गाठलं. आंरी तर आदल्या वर्षीचा विजेता. त्यांनी आपल्या पिशव्या उघडून दाखवल्या. डोळ्यांसाठी कोकेन, हिरड्यांसाठी क्लोरोफॉर्म, शिवाय डब्या भरून गोळ्या. आम्ही सुरुंगाच्या दारूवर धावतो, अशा अर्थाचं ते काहीसं बोलले. पुढे फ्रान्सिसने त्या पत्रकाराची आपण थोडी फिरकी घेतल्याचंही सांगितलं. पण त्या सालची शर्यत पंधरा टप्प्यांत सुमारे ५,४०० किलोमीटरची होती, म्हणजे एका टप्प्याला सरासरी साडेतीनशे किलोमीटरहून जास्त, तेही खडीच्या रस्त्यांवर. ज्यांनी हे अंतर आखलं त्यांनी माणसाच्या शरीराचा हिशेब केला नव्हता. तो हिशेब गोळ्यांनी जुळवला जात होता, आणि लोकांनाही त्यात फार गैर वाटत नव्हतं.

दुसऱ्या महायुद्धानंतर अॅम्फेटामिनच्या गोळ्या आल्या. थकवा कळेनासा करणाऱ्या या गोळ्या. फॉस्तो कोप्पी या महान इटालियन सायकलपटूने मुलाखतीत कबूल केलं होतं, की आम्ही त्या गरज पडली तरच घेतो, आणि गरज बहुधा पडतेच. पाच वेळा ही शर्यत जिंकणारा फ्रान्सचा जाक आंकतील तर उघड म्हणायचा, की वर्षभर शर्यती मारणारा माणूस नुसत्या पाण्यावर टिकतो असं समजणारे एकतर भोळे आहेत किंवा ढोंगी. हे बोलणं तुम्हा-आम्हाला पटणार नाही, पण त्यात खोटेपणा नव्हता.

१९६५ मध्ये फ्रान्सने उत्तेजकांविरुद्ध कायदा केला. १९६६ च्या शर्यतीत बोर्दो मुक्कामी पहिल्यांदा चाचणी झाली. खेळाडूंना याचा इतका राग आला, की दुसऱ्या दिवशी ते सायकलवरून उतरून, तिला हाताने ढकलत, पायी चालू लागले. तो त्यांचा निषेध होता. आमच्या शरीरात काय आहे हे विचारणारे तुम्ही कोण, असा त्यांचा रोख होता.

त्याचं उत्तर पुढच्याच वर्षी मिळालं. १३ जुलै १९६७, माँ व्हाँतू नावाचा उघडा बोडका डोंगर. माथ्याकडे झाड नाही, झुडूप नाही, पांढऱ्या दगडांवरून परावर्तित होणारं ऊन. १९६५ चा जगज्जेता, ब्रिटनचा टॉम सिम्प्सन, माथा अगदी जवळ आलेला असताना झोकांड्या खात कोसळला. त्याला पुन्हा सायकलवर बसवलं गेलं. थोडं अंतर गेल्यावर तो पुन्हा पडला, तो उठलाच नाही. वय २९. त्याच्या शरीरात अॅम्फेटामिन आणि मद्याचा अंश सापडला, जर्सीच्या खिशात गोळ्यांच्या नळ्या सापडल्या. ऊन, तहान, दमणूक आणि त्या दमणुकीची जाणीवच मारून टाकणारी गोळी, या सगळ्यांनी मिळून त्याचा जीव घेतला. आज त्या जागी दगडी स्मारक आहे. येणारे-जाणारे सायकलस्वार तिथे पाण्याची बाटली, टोपी असं काहीबाही ठेवून पुढे जातात.

सिम्प्सनच्या मृत्यूनंतर चाचण्या वाढल्या, आणि इथूनच खोटं बोलण्याचा खरा जमाना सुरू झाला. आतापर्यंत जे खिशात होतं ते लपवणं भाग पडलं. १९७८ मध्ये बेल्जियमच्या मिशेल पोलांतिएने ॲल्प द्युएझचा घाट जिंकून पिवळी जर्सी मिळवली. चाचणीच्या वेळी असं उघडकीला आलं, की त्याने दुसऱ्याची लघवी भरलेला रबरी फुगा काखेत दडवून तिथून नळी खाली आणली होती. काखेत कळसा असण्याचा असा प्रकार आपल्या म्हणीलाही सुचला नसता! पिवळी जर्सी त्याच दिवशी गेली.

पण याच काळात दुसऱ्या बाजूचंही एक उदाहरण घडलं. १९६९ च्या इटलीच्या शर्यतीत आघाडीवर असलेला बेल्जियमचा एडी मर्क्स सावोना गावी चाचणीत दोषी ठरून बाहेर काढला गेला. मी काहीही घेतलेलं नाही, असं तो रडत सांगत राहिला. त्याच्यावरची बंदी उठवली गेली. पुढच्याच महिन्यात त्याने फ्रान्सची शर्यत जवळपास अठरा मिनिटांच्या फरकाने जिंकली. पण सावोनाला खरोखर काय घडलं याचा वाद आजही मिटलेला नाही.

इथपर्यंतची औषधं थकवा झाकणारी होती. १९९० च्या दशकात आलेलं औषध वेगळं होतं. त्याचं नाव ईपीओ. आपल्या मूत्रपिंडात तयार होणारं हे संप्रेरक रक्तातल्या तांबड्या पेशी वाढवतं. मूत्रपिंडाच्या रुग्णांना पंडुरोग होतो, त्यांच्यासाठी ते कृत्रिमरीत्या बनवलं गेलं. तांबड्या पेशी वाढल्या की स्नायूंना प्राणवायू जास्त मिळतो. घाट चढणाऱ्याला आणखी काय हवं? रुग्णाला जगवणारं औषध धडधाकट माणसाने जिंकण्यासाठी टोचून घ्यायला सुरुवात केली. पंचाईत अशी, की ते ओळखणारी चाचणीच २००० सालापर्यंत नव्हती. म्हणून १९९७ मध्ये नियम झाला, की रक्तात तांबड्या पेशींचं प्रमाण पन्नास टक्क्यांच्या वर गेलं तर खेळाडूला काही दिवस विश्रांती द्यायची. परिणाम? पन्नासच्या आत राहून घेण्याची कला लोकांनी आत्मसात केली.

८ जुलै १९९८ रोजी फ्रान्स आणि बेल्जियमच्या सीमेवर एक मोटार अडवली गेली. ती फेस्तिना संघाची होती, चालवणारा होता संघाचा मालिशवाला विली व्हूट. गाडीत ईपीओ आणि इतर औषधांचा साठाच होता. संघ शर्यतीतून काढला गेला, हॉटेलांवर धाडी पडल्या, खेळाडू रस्त्यावर बसून राहिले. सुरुवातीला १८९ सायकलपटू होते, पॅरिसला ९६ पोचले. ती शर्यत पांतानीने जिंकली. पुढच्याच वर्षी इटलीच्या शर्यतीत तो रक्ताच्या तपासणीत मर्यादेबाहेर सापडला, बाहेर काढला गेला आणि मनाने खचत गेला. १४ फेब्रुवारी २००४ रोजी रिमिनीच्या एका हॉटेलात, कोकेनच्या अतिसेवनाने, वयाच्या ३४ व्या वर्षी त्याचा अंत झाला.

फेस्तिनाच्या त्याच संघात क्रिस्तोफ बासाँ नावाचा एक तरुण होता. चौकशीत त्याच्या सहकाऱ्यांनीच सांगितलं, की हा काही घेत नाही. १९९९ च्या शर्यतीला तो दुसऱ्या संघातून आला आणि एका फ्रेंच दैनिकात रोज लिहू लागला. आदल्या वर्षी एवढा गहजब झाला, तरी शर्यतीचा वेग कमी कसा झाला नाही, असा त्याचा प्रश्न. त्या वर्षी पिवळी जर्सी अमेरिकेच्या लान्स आर्मस्ट्राँगच्या अंगावर होती. कर्करोगातून उठून आलेला हा वीर तेव्हा साऱ्या जगाचा लाडका झाला होता. ॲल्प द्युएझच्या टप्प्यात तो बासाँला गाठून म्हणाला, की तुझं बोलणं खेळाच्या हिताचं नाही, तू घरी गेलेलं बरं. बाकीच्यांनी बासाँशी बोलणं टाकलं, त्याच्या संघातल्या माणसांनीही पाठ फिरवली. दोनच दिवसांत तो शर्यत सोडून गेला. गावकीने एखाद्याला वाळीत टाकावं तसाच हा प्रकार.

आर्मस्ट्राँग १९९९ ते २००५ अशी सलग सात वर्षं जिंकला. ज्यांनी प्रश्न विचारले त्यांची दशा काय झाली? त्याच्या संघात मालिश करणाऱ्या एमा ओरायली यांनी सांगितलं, की १९९९ मध्ये एका चाचणीतून सुटण्यासाठी डॉक्टरची जुन्या तारखेची चिठ्ठी बनवली गेली. त्यांच्यावर खटला भरला गेला आणि त्यांची बदनामी झाली. सहकाऱ्याच्या पत्नी बेट्सी अँड्र्यू यांनी आपण इस्पितळात काय ऐकलं ते शपथेवर सांगितलं, त्यांना द्वेषाने पछाडलेली बाई ठरवण्यात आलं. पत्रकार डेव्हिड वॉल्श यांच्या वृत्तपत्रावर दावा लावून आर्मस्ट्राँगने तडजोडीत मोठी रक्कम वसूल केली.

आणि तो स्वतः काय म्हणत होता? माझ्या शेकडो चाचण्या झाल्या, एकही सदोष आली नाही. २००५ मध्ये पॅरिसच्या व्यासपीठावरून निरोप घेताना तर त्याने असं सुनावलं, की ज्यांचा चमत्कारांवर विश्वास नाही त्यांच्याबद्दल मला वाईट वाटतं. २०१२ मध्ये अमेरिकेच्या उत्तेजकविरोधी संस्थेने अकरा माजी सहकाऱ्यांच्या साक्षींसह सगळं प्रकरण जगापुढे मांडलं. साती विजेतेपदं काढून घेतली गेली. जानेवारी २०१३ मध्ये त्याने दूरचित्रवाणीवर कबुली दिली.

मी शब्दांचा माणूस आहे, म्हणून मला या सगळ्यात एक गोष्ट सर्वांत जास्त लागते. निर्दोष माणसाजवळ आपलं निर्दोषपण सांगायला शब्द असतात तरी किती? 'मी काही घेतलेलं नाही. माझी चाचणी पाहा.' एवढेच. आर्मस्ट्राँगने नेमके हेच शब्द वापरले, वर्षानुवर्षं वापरले, आणि ते खोटे होते. ही ती चोरी. खोटं नाणं बाजारात फार दिवस फिरलं की व्यापारी खरं नाणंही वाजवून बघतो, आणि पुढे पुढे तर वाजवूनही विश्वास ठेवत नाही. आज एखादा खरोखरीचा प्रामाणिक सायकलपटू म्हणाला, की माझी एकही चाचणी सदोष नाही, तर ऐकणारा हसतो. हे वाक्य आधी कुणी उच्चारलं होतं ते त्याला आठवत असतं.

त्या सात वर्षांनंतरही धक्के थांबले नाहीत. २००६ मध्ये अमेरिकेच्या फ्लॉइड लँडिसने आदल्या दिवशी हरलेली बाजी डोंगरात एकट्याने उलटवली. लोकांनी डोळे पुसत टाळ्या वाजवल्या. काही दिवसांतच तो त्याच टप्प्याच्या चाचणीत दोषी ठरला. २००८ पासून खेळाडूंच्या रक्ताची दीर्घकाळची नोंद ठेवणारं 'जैविक पारपत्र' आलं. २०१६ मध्ये तर चिखलातल्या सायकल शर्यतींच्या जागतिक स्पर्धेत एका तरुण खेळाडूच्या सायकलीत दडवलेली मोटर सापडली. आता औषधाबरोबर सायकलचीही क्ष-किरण तपासणी होते.

मग संशय घेऊच नये का? घ्यावा. संशय घेतला गेला नसता तर आर्मस्ट्राँग आजही देव्हाऱ्यात असता. पण संशयातही दोन जाती आहेत. एमा ओरायली, बेट्सी अँड्र्यू, वॉल्श आणि बासाँ यांच्याजवळ पाहिलेलं, ऐकलेलं, तपासलेलं काहीतरी होतं. त्यांनी ते स्वतःच्या नावाने सांगितलं आणि त्याची किंमत स्वतः मोजली. आता २०१५ चं चित्र पाहा. ब्रिटनचा ख्रिस फ्रूम शर्यतीत पुढे होता. रस्त्याकडेच्या एका प्रेक्षकाने त्याच्या अंगावर लघवीने भरलेला पेला फेकला. फेकणाऱ्याजवळ पुरावा नव्हता आणि त्याला कसलीही किंमत मोजावी लागली नाही. आर्मस्ट्राँगचं कर्ज फ्रूमकडून वसूल करण्याचा हा प्रकार. चोर सोडून संन्याशाला फाशी देण्यात न्याय नसतो, मग तो संन्यासी खरा आहे की नाही हे आपल्याला ठाऊक नसलं तरीही.

या दोहोंच्या मध्ये एक तिसरा वर्ग आहे, आकडेमोड करणाऱ्यांचा. खेळाडूचं वजन, चढणीचा उतार आणि लागलेला वेळ यांवरून त्याने किलोमागे किती ताकद लावली याचा हिशेब ते मांडतात आणि अमुक आकड्यापुढे माणूस जाऊच शकत नाही, असं म्हणतात. हा हिशेब उपयोगी आहे, पण तो साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे. वारा कुठला होता, पुढच्याच्या आडोशाला कोण किती वेळ राहिला, खरं वजन किती, हे त्याला नेमकं कळत नाही. शिवाय काळ बदलला आहे. सायकली आणि टायर सुधारले. पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त, ताशी शंभर ग्रॅमच्या पुढे पिष्ट-शर्करा पचवायला आजचे खेळाडू शिकले आहेत. साडेतीन मिनिटांचं सगळं उत्तर यात आहे का? तसं छातीठोकपणे म्हणता येत नाही. उत्तर औषधातच आहे, असंही म्हणता येत नाही.

म्हणूनच २०२३ मधलं व्हिंगेगार्डचं बोलणं मला महत्त्वाचं वाटतं. त्या वर्षी एकेकट्याने धावायच्या टप्प्यात त्याने पोगाचारला दीड मिनिटाहून जास्त फरकाने हरवलं आणि तोच जुना प्रश्न त्याच्यापुढे आला. तो चिडला नाही. सदोष चाचणी नसल्याचा जुना दाखला त्याने पुढे केला नाही. त्याच्या बोलण्याचा आशय असा होता, की या खेळाचा इतिहास पाहता लोकांना शंका येणं मला समजतं, पण जे मी माझ्या लेकीला देणार नाही असं काहीही मी घेत नाही. हे शब्द खरे आहेत का, हे ठरवण्याचं साधन माझ्याजवळ नाही. पण चमत्कारांवर विश्वास नसलेल्यांची कीव करणारं ते बोलणं आणि शंका घेणाऱ्याला समजून घेणारं हे बोलणं, यांत अंतर आहे. जुने शब्द बाद झाले हे ओळखून एक माणूस नवे शब्द शोधतो आहे, एवढं मला त्यात दिसतं.

टूर द फ्रान्सच्या विजेत्यांच्या यादीत १९९९ ते २००५ या सात वर्षांपुढे आज कुणाचंही नाव नाही. दुसऱ्या क्रमांकाच्या खेळाडूला वर आणावं, तर त्या काळच्या अनेकांवर डाग होतेच, म्हणून जागा रिकाम्या ठेवल्या गेल्या. त्या वर्षांत कुणी एखादा निव्वळ पाणी आणि पाव यांवर चाळिसावा आला असेल, कुणी बासाँसारखा घरी परतला असेल. त्यांची नावं आपल्याला कधी कळणार नाहीत.

आज घेतलेले नमुने मात्र गोठवून ठेवता येतात आणि दहा वर्षांपर्यंत नव्या पद्धतींनी पुन्हा तपासता येतात. म्हणजे प्लातो द बेयच्या त्या दुपारविषयी प्रयोगशाळेला अजून बोलायला अवधी आहे. तोवर पुराव्याशिवाय कुणाला चोर म्हणू नये आणि पुरावा घेऊन येणाऱ्याला पुन्हा वाळीत टाकू नये. बाकी, पुढच्या जुलैत घाटात एकटाच पुढे निघालेला सायकलस्वार दिसला, तर आपला हात टाळीसाठी उठेल आणि क्षणभर थबकेल. तो थबकणं स्वाभाविक आहे. पण टाळी वाजवावी, असं मला वाटतं.